साधं टपाल

अण्णा आरएमएसमध्ये सॉर्टर होते. आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. हे हल्ली सांगावं लागतं. रात्रीच्या गाडीला टपालाचा डबा असायचा. त्यात हेलकावे खात उभं राहायचं आणि मिरज ते पुणे पत्रं लावायची. समोर भिंतभर खण, हातात गठ्ठा.

लहानपणी मला वाटायचं, अण्णांना देशातल्या सगळ्या गावांचे रस्ते पाठ असणार. तसं काही नव्हतं. गुवाहाटीचं पत्र कुठल्या खणात टाकायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पुढचं पुढच्या सॉर्टरनं बघायचं. पिनकोडवर मात्र त्यांचा जीव. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली ती पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली. वेलणकर मूळचे कोकणातले आणि वर संस्कृतात कविता करणारे, याचा अण्णांना घरचाच माणूस असल्यासारखा अभिमान होता.

मला पुण्यात नेटवर्किंगची नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथं करतोस काय नक्की?"

मी म्हटलं, कुठलाही मजकूर, फोटो, आवाज, जे काही पाठवायचं त्याचे तुकडे होतात. एक तुकडा साधारण १५०० बाइट्सपर्यंतचा. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता. वाटेतला राउटर पत्त्याचा पुढचा भाग बघतो आणि शेजारच्या राउटरकडे ढकलतो. अख्खा रस्ता त्यालाही माहीत नसतो. काही तुकडे वेगळ्या वाटेनं जातात, मागचे पुढे पोचतात. पलीकडचं मशीन ते पुन्हा ओळीनं लावून घेतं.

"म्हंजे आरएमएसच की," अण्णा म्हणाले. मला हे कळायला कॉलेजात अर्धी टर्म लागली होती.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "आणि गहाळ झालं तर?"

गर्दी झाली की राउटर पाकीट सरळ टाकून देतो. पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी टपालखात्याचं रिटर्न्ड लेटर ऑफिस असतं, तसं इथं काही नाही. पण पाठवण्याच्या तऱ्हा दोन. टीसीपी म्हणजे रजिस्टर एडी. पोचपावती आली नाही की तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. यूडीपी म्हणजे साधं टपाल. टाकलं पेटीत, विषय संपला. जॉन पोस्टेल यांनी १९८० साली यूडीपीचे नियम लिहिले ते तीन पानांत मावतात. पोचण्याची हमीच नाही म्हटल्यावर लिहायला फारसं उरत नाही. फोनवरचं बोलणं बहुधा असंच जातं. एका पाकिटात साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज. सत्तरच्या दशकात डॅनी कोहेन वगैरे मंडळी नेटवर्कवरून आवाज पाठवून बघत होती, तेव्हा त्यांना आढळलं की हरवलेल्या तुकड्यासाठी थांबलं तर पुढचं सगळं बोलणं खोळंबतं. त्यापेक्षा तो तुकडा सोडून दिलेला बरा. उशिरा आलेला आवाज कुणाच्या कामाचा नसतो.

अण्णांना हे पटलं नाही. "उशिरा आलं तरी पत्र ते पत्रच," ते म्हणाले. "फेकायचं कुणी ठरवलं?"

मी हसलो होतो.

एप्रिल २०२१मध्ये अण्णा सांगलीत कोविड वॉर्डात होते आणि मी पुण्यात. मीही पॉझिटिव्ह, खोलीत बंद. सिस्टर दिवसातून एकदा त्यांचा फोन धरून व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. पाचव्या दिवशी अण्णांनी मास्क जरा बाजूला केला. "अरे, कपाटात त्या—" म्हणाले, आणि आवाज घोगरा होऊन तुटला. चित्र थिजलं. दोन-तीन सेकंद असतील. म्हणजे शंभर-दीडशे पाकिटं. आवाज परत आला तेव्हा ते म्हणत होते, "—एवढं कर."

"हो अण्णा, करतो," मी म्हटलं. त्यांना धाप लागली होती. पुन्हा बोलायला लावणं जिवावर आलं.

रात्री मेसेज केला: कपाटातलं काय म्हणालात? तोवर त्यांना आयसीयूत हलवलं होतं आणि फोन बंद पडला होता. मेसेजपुढं एकच टिक राहिली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

कपाट नंतर मी आणि आईनं रिकामं केलं. पासबुकं, पेन्शनचे कागद, सुतळीनं बांधलेली माझी प्रगतिपुस्तकं, गाडीत वापरायचा टॉर्च. त्यातलं 'एवढं' कुठलं, ते काही कळेना.

फोन बाकीच्या सामानाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत आला होता. पिशवीला हात लावायला दहा-बारा दिवस गेले. शेवटी एका दुपारी चार्जर लावला. फोन सुरू झाला, मिनिटभर शांत राहिला आणि मग टिंग वाजलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघ रे, ह्यांना कुणाचा मेसेज आलाय."