चार न्हाणीघरं आणि एक विहीर

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत हर्णेला पोहोचलो की दादी आधी विहिरीकडे पिटाळायची. चिऱ्यांचे किती थर उघडे पडलेत ते मोजून यायचं. त्या आकड्यावर मुंबईहून आलेल्या पंधरा माणसांचं पाणी ठरे. वजू एका तांब्यात. शेजारच्या कोळ्यांच्या घरातल्या काकीही आमच्याच विहिरीवर यायच्या. दादी त्यांच्या कळश्या कधी मोजत नसे.

1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली आमच्यासारखी बरीच कुटुंबं मुंब्र्याला आली. इमारती भराभर उठल्या, पाणी मागे राहिलं. आमच्या इमारतीत ते रात्री तासभर येतं. पिंप भरल्याशिवाय अम्मीला झोप लागत नाही. मुंबईचं पाणी जिथून येतं, त्या तानसा-भातसाच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, यावर मी मित्रांशी तावातावाने बोलत असतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही भावांनी हर्णेचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. चार न्हाणीघरं, गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी. विहीर पुरेना, म्हणून बोअर मारली. घर बंद का ठेवायचं, म्हणून भावाने ते शनिवार-रविवारी पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. समुद्रातून आलेला माणूस वाळू घालवायला दिवसातून तीनदा अंघोळ करतो. दहा पाहुणे असले की टाकी एका दिवसात रिकामी! सरकारी हिशेबात खेड्यातल्या माणसाला रोज 55 लिटर, शहरातल्याला 135. आमच्या पाहुण्याला 200.

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्यातून झिरपून बराचसा समुद्राला मिळतो. किनाऱ्यालगत गोडं पाणी फार उपसलं की खारं आत सरकतं. काकींनी मध्यंतरी स्वतःची विहीर खणून घेतली होती. गेल्या वर्षी ती एप्रिलमध्येच तळाला गेली. आमच्या बोअरमुळेच, असं कोणी म्हटलं नाही. काकी तर मुळीच नाहीत. त्या दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "लाइट आली नि पंप लावलास की हाक मार हां बाबा, दोन कळश्या भरून घेते."

पैगंबरसाहेब (स.) एका मुद्दभर पाण्यात वजू करत, हे मदरशात शिकलो होतो. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ. आमच्या शाफई मोजणीने पाऊण लिटरही नाही. नव्या घरात मी नळ सोडून वजू करतो. त्या दिवशी मात्र तांब्या घेतला. एका तांब्याने काय होणार, हेही कळत होतं.

भावाला म्हटलं, एप्रिल-मेची बुकिंग बंद करू. तो म्हणाला, "मग हप्ते कोण भरणार?" कर्ज दोघांच्या नावावर आहे. मी गप्प बसलो. बुकिंग यंदाही चालू आहे.

टाकीचा एक नळ तेवढा मी कुंपणाबाहेर काढून दिलाय. काकी अजून विचारूनच तो उघडतात.