लाभ, दोन, तीन

वाशी सुटलं की गाडीचा आवाज बदलतो. इतका वेळ रुळांखाली खडी असते, बाजूला भिंती असतात, खडखडाट फिरून आपल्याच अंगावर येतो. पुलावर तो खाली पाण्यात उतरून जातो आणि डबा एकदम हलका वाटायला लागतो. हार्बर लाइनचा मुरलेला प्रवासी डोळे मिटूनच ओळखतो की खाडी आली. दोन-चार हात कपाळाला लागतात. दारातला कुणीतरी निर्माल्य भिरकावतो, तेही प्लास्टिकच्या पिशवीसकट. पिशवीसकट का, हे मला तीस वर्षांत उमगलेलं नाही. एखादं नाणं उन्हात चमकून खाली जातं. ओहोटी असली तर ते पाण्यात पडत नाही, चिखलात रुततं.

या पुलावरून मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा वर्षांचा होतो. पूलही नवाच होता. मानखुर्द ते वाशी रेल्वे 1992 मध्ये सुरू झाली. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला खिडकीत बसवलं आणि हातात चार आण्याचं नाणं दिलं. बाहेर खांब मागे पळत होते आणि मी ते मोजायला लागलो, एक, दोन. अण्णांनी डोक्यावर टपली मारली. "पहिल्याला एक म्हणू नये. लाभ म्हण."

अण्णा मापाडी होते. दाणाबंदरात पोती काट्यावर चढायची आणि अण्णा मोजायचे, ते असं: लाभ, दोन, तीन, चार. गावाकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिलं माप 'लाभ' म्हणूनच टाकतात. पाटण तालुक्यातली ती रीत अण्णांनी मशीद बंदरच्या गल्लीत आणली होती, किंवा त्यांच्या आधी कुणी तरी आणली असेल. ते पुरं वाक्य क्वचितच बोलायचे, पण आकडे सुरात म्हणायचे. समोरचा गुजराती मेहताजी मान वर न करता वहीत रेघा ओढत जायचा. शेवटी दोघांचा आकडा जुळला की कुणीच काही बोलायचं नाही. जुळला नाही तरच आवाज.

त्या दिवशी आम्ही निघालो होतो अण्णांचा 'गाळा' बघायला. गाळा म्हणजे गावकीची खोली. एका गावची तीस-चाळीस माणसं एका खोलीत, वळकट्या दांडीवर, ट्रंका भिंतीला, झोप पाळीपाळीने. अण्णांनी त्या खोलीत एकोणीस वर्षं काढली होती. दाण्याचा बाजार खाडीपलीकडे वाशीला हलला, माथाडी कामगारांना कोपरखैरण्यात घरं मिळाली आणि आम्ही गावाहून आलो, तेव्हा कुठे त्यांना स्वतःची भिंत मिळाली. तरी सुट्टीच्या दिवशी त्यांचे पाय मशीद बंदरकडेच वळत.

पूल कशासाठी बांधला, हा प्रश्न विचारणं तसं वेडेपणाचं. पलीकडे जायला. पण वाशीच्या पुलाच्या बाबतीत तो विचारण्यासारखा आहे. मुंबई हे बेट. सात तुकडे भरावाने सांधून केलेलं, दक्षिणेकडे निमुळतं होत गेलेलं, आणि सगळा व्यापार त्या निमुळत्या टोकाला. गोदी तिथे, कापड तिथे, धान्य तिथे, सोनं तिथे. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात मांडलं की शहराला उत्तरेकडे ताणत नेऊ नका, खाडी ओलांडून पूर्वेला जा. 1970 मध्ये ते नवं शहर वसवायला सिडको झाली. 1973 मध्ये ठाणे खाडीवर रस्त्याचा पूल झाला. त्याआधी पुण्याची वाहनं ठाण्याला वळसा घालून यायची आणि पनवेल-उरणची माणसं लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायची. म्हणजे हा पूल लोकांना बेटावर आणण्यासाठी नव्हताच. बेटावरचा भार उतरवायला होता. हमालाला डोक्यावरचं ओझं उतरवायला कुणीतरी हात लावावा लागतो, तसा.

सरकारने मात्र हात अर्धाच लावला. एकीकडे खाडीपलीकडे नवं शहर, दुसरीकडे बेटाच्या टोकाला समुद्र बुजवून नरिमन पॉइंट. मंत्रालय हललं नाही. बाजार हलवला, कारण बाजार हलवायला माथाडी होते. त्यामुळे पुढची कैक वर्षं हा पूल सकाळी माणसं बेटाकडे ओतत राहिला आणि संध्याकाळी परत. मीही त्यातलाच. माझी नोकरी क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत, मशीद बंदरला. जहाजं न्हावा शेव्याला लागतात, 1989 पासून. कंटेनर तिथे, गोदामं पनवेल-उरणकडे, आणि कागद मात्र इकडे. मी रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे येऊन पूर्वेकडच्या मालाची कागदपत्रं करतो.

रस्त्याच्या त्या पहिल्या पुलाची कहाणी फार गौरवाची नाही. खारी हवा आणि काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या तारा यांचं जमलं नाही. तारा गंजल्या, दुरुस्त्या निघाल्या, आणि 1997 मध्ये शेजारी दुसरा पूल घालावा लागला. आता तिसराही झाला आहे. खाडी काही रुंदावलेली नाही, पण दर पंचवीस वर्षांनी तिला आणखी एक पूल लागतो. 2024 च्या जानेवारीत शिवडीहून अटल सेतू सुरू झाला, 21.8 किलोमीटरचा. कचेरीतल्या साहेबांची गाडी त्यावरून जाते. ते म्हणतात, वीस मिनिटं. असेल. त्याला खिडकीतून नाणं टाकायची सोय नाही, एवढं मला माहीत आहे.

रेल्वेच्या पुलाखाली चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. लांबून ती गुलाबी रेघ दिसते, मग तिच्यात पाय दिसायला लागतात. या खाडीला 2022 मध्ये पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाला. दारातली पोरं मोबाइल काढतात, आणि आतला पत्ते खेळणारा त्यांना दटावतो, "आरे, हुकूम टाक आधी."

पूल संपला की मानखुर्द, गोवंडी, चेंबूर. हे नुसतं शहर. खरी मजा वडाळ्यानंतर. तिथून पुढे गाडी बंदराच्या पाठीमागून जाते आणि स्टेशनांची नावं जुन्या बिलाच्या बुकासारखी एकामागून एक उलटत जातात. कॉटन ग्रीन, म्हणजे कापसाचं मैदान. मूळचं फोर्टातलं, जिथे गाठी रचून ठेवत, तिथून कापूस हलला तसं नावही फिरत फिरत इथे आलं. रे रोड हे गव्हर्नराचं नाव. डॉकयार्ड रोडला गोदी. सँडहर्स्ट रोडला हार्बरची गाडी वरच्या मजल्यावर थांबते, खाली मेन लाइन. भारतातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला याच मार्गावरून धावली, व्हीटी ते कुर्ला. आणि मग मस्जिद. पाटीवर मस्जिद, तोंडात मशीद बंदर. फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत. बाजार संथ गाड्यांचा आहे.

या नावाची गोष्ट मला उशिरा कळली. स्टेशनाच्या पश्चिमेला सॅम्युअल स्ट्रीटवर एक प्रार्थनास्थळ आहे, शार हारहमीम, दयेचं दार. 1796 मध्ये सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी स्थापलेलं. दिवेकर हे बेने इस्रायली. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हणवले गेलेले मराठी ज्यू. ते आपल्या देवळाला मशीदच म्हणत, आणि स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. म्हणजे बोर्ड वाचून ज्याला जे वाटतं ते वाटो, आत एक दिवेकर आहे. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "बंदराला सगळे आले. ज्याचं पोतं त्याचं नाव."

बंदरांची नावं तशीच पडली. चिंचबंदर, दाणाबंदर, वाडीबंदर, कर्नाक बंदर. भराव पडत गेला, पाणी मागे सरकलं, बंदरं गल्ल्यांत राहिली. आता चिंचबंदरात उभं राहून समुद्र दिसत नाही. पण श्वास घेतला तर बाजार कळतो. नागदेवीवर वंगण आणि लोखंड. पुढे बारदानाचा, सुतळीचा कोंदट वास. मग वेलची, दगडफूल, हळद आणि मिरचीचा ठसका, जो नवख्याला गल्लीच्या तोंडाशीच शिंकायला लावतो. वर पाहिलं तर लाकडी सज्जे, कबुतरं, आणि तिसऱ्या मजल्यावरून दोरीने सोडलेली चहाची पिशवी.

धान्य आलं की उंदीर आले. 1896 च्या सप्टेंबरात प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो इथेच, मांडवीत. ओळखणारे डॉक्टर गोव्याचे, अकासियो व्हिएगस. गोदामांतले मेलेले उंदीर आणि काखेत गाठ आलेली माणसं यांचं नातं तोवर सिद्ध झालं नव्हतं. पुढे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, रुंद रस्ते पाडले, हवा आत घेतली. त्यातूनही या गल्ल्या सुटल्याच. अण्णांच्या पेढीवर चार मांजरं होती आणि त्यांच्या दुधाचा खर्च मेहताजी रीतसर वहीत मांडायचा.

माथाडी हा शब्द माथ्यावरून आला. शंभर किलोचं पोतं माथ्यावर आणि मानेवर, हातात लोखंडी हूक, पायात काही नाही. 1969 चा माथाडी कायदा होण्याआधी या माणसाला ना हजेरी, ना रजा, ना दवाखाना. अण्णासाहेब पाटलांनी ही माणसं एकत्र केली. आमच्या घरात देवांच्या शेजारी त्यांचा फोटो आहे. अण्णा आल्यागेल्याला हात दाखवून एवढंच सांगतात, "ह्यांच्यामुळं पोरगा शिकला."

गल्लीत त्या दिवशी, त्या पहिल्या रविवारी, बरीच शटरं बंद होती. मला वाटलं सुट्टी म्हणून. अण्णा एका बंद दारापुढे उभे राहिले. दाराच्या चौकटीच्या लाकडात, खांद्याच्या उंचीवर, एक गुळगुळीत खड्डा पडला होता. वर्षानुवर्षं पोती आत नेताना तिथे घासायची. अण्णांनी त्या खड्ड्यात तळहात ठेवला. बरोबर बसला. मग हात काढून पँटला पुसला आणि म्हणाले, "चल, चहा पिऊ."

ते दार आता नाही. तिथे प्लास्टिकच्या डब्यांचं घाऊक दुकान आहे, छतापर्यंत रचलेलं. कर्नाकचा 1868 मधला पूलही नाही. 2022 च्या नोव्हेंबरात रेल्वेने 27 तासांचा ब्लॉक घेऊन तो कापून काढला. गोदीतून बाजारात येणारा माल दीडशे वर्षं त्यावरून आला. पाडल्यावर अडीच वर्षं हातगाडीवाले वळसे घालत राहिले. 2025 च्या जुलैत नवा पूल खुला झाला, नावही नवं, सिंदूर. हातगाडीवाले अजून कर्नाकच म्हणतात. वाशीचा पूल मोठा खरा, पण या बाजाराचा स्वतःचा पूल हा.

बाजार रिकामा झाला का? नाही. धान्य गेलं, लोखंड कळंबोलीला गेलं, भाजी आणि फळं गेली. त्यांच्या जागी पॅकिंगचं सामान आलं, चायना लाइट आले, सुकामेवा होता तो वाढला. जागा रिकामी ठेवणं या बेटाच्या स्वभावात नाही. सिडकोच्या नकाशावर भार उतरला असेल. मशीदच्या जिन्यावर संध्याकाळी सहाला उभं राहून बघा.

अण्णा आता गुडघ्यांमुळे कोपरखैरण्याच्या बाहेर पडत नाहीत. महिन्यातून एकदा ते माझ्याकडून एकच वस्तू मागवतात: बेडगी मिरची, अर्धा किलो, मशीदच्या त्याच दुकानातली. "वाशीच्या मिरचीला ती चव नाही." आमच्या घरापासून वाशीचा मसाला बाजार रिक्षाने दहा मिनिटांवर. गेल्या वर्षी दुकानदाराला सहज विचारलं, माल कुठून येतो. तो हसला. "कहाँ से आएगा साहब? वाशी मार्केट."

म्हणजे मिरची पहाटे टेम्पोतून पूल ओलांडून बेटावर येते आणि संध्याकाळी माझ्या पिशवीतून तोच पूल ओलांडून परत जाते. अण्णांना मी हे सांगितलेलं नाही. पुडी दिली की ते ती उघडत नाहीत. डोळे मिटून तळहातावर तोलतात, जरा वरखाली करतात. परवाच्या पुडीला म्हणाले, "दहा ग्रॅम कमी." स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितली. चारशे नव्वद.