काशीला गेलेला माणूस

जपानी भाषेतला एक शब्द गेली काही वर्षे आमच्या घरात वावरतो आहे. ‘मांगा’. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे घरात नवा शब्द शिरला की त्याचे कूळ विचारल्याखेरीज मला चैन पडत नाही. चौकशी करता कळले की, लहर लागली म्हणून सहज काढलेली चित्रे, असा काहीसा त्याचा मूळ अर्थ. होकुसाई नावाच्या थोर चित्रकाराने १८१४ साली आपल्या चित्रांची एक वही याच नावाने छापली आणि पुढे तिचे पंधरा भाग निघाले. माणसे, प्राणी, झाडे, भुते, मनात येईल ते त्याने काढले. लहरीसाठी जन्मलेला हा शब्द आज जपानात एका अवाढव्य धंद्याचे नाव झाला आहे. आणि त्या धंद्यात लहरीला फारशी जागा उरलेली नाही, हे मला माझ्या भाच्याकडून कळले.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. वय वर्षे एकोणतीस. हा मुलगा लहानपणापासून भिंती रंगवीत आला. पुढे रीतसर कला शिकला आणि जपानी धर्तीच्या चित्रकथा काढू लागला. आम्ही राहतो ते पिंपळे गुरव हे तसे कष्टाळू लोकांचे गाव. सकाळी सृष्टी चौकात उभे राहिले की हिंजवडीला आणि चाकणला निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या माणसे गिळीत जाताना दिसतात. अशा वस्तीत ‘तो चित्रे काढतो’ असे सांगितले की ऐकणारा मान डोलावतो आणि थोडे थांबून विचारतो, “ते झालं हो, पण नोकरी कुठं?”

तर या मुलाला चक्क यश आले. परदेशातल्या एका कंपनीने त्याची मावळातल्या एका पोराची गोष्ट घेतली. ती वाचणारे इतके निघाले की माझ्या वर्गातल्या मुलांनीही मला “सर, ते तुमचे भाचे का?” म्हणून विचारले. आयुष्यात प्रथमच वर्गात माझा भाव वधारला, तो असा. मग कंपनीने दर आठवड्याला पाने मागायला सुरुवात केली. मग गोष्ट कुठे वळवायची हे सांगायला सुरुवात केली. दोन वर्षांनी मावळातला तो पोरगा मावळातला राहिला नाही. आणि एके दिवशी दोन ओळींचे पत्र येऊन गोष्ट बंद झाली. माझा भाचा त्या दिवसापासून रेघ ओढीनासा झाला. वाकडच्या घरात बायकोशी बोलणेही थांबले. चैत्रात तो एक पिशवी घेऊन आमच्याकडे राहायला आला. चित्रे काढायची ती विजेवर चालणारी पाटी त्याने आमच्या माळ्यावर, चकलीच्या सोऱ्याशेजारी ठेवून दिली.

जपानात हा जाच आणखी मोठा असतो म्हणे. साप्ताहिकात गोष्ट चालू असली की आठवड्याला सुमारे वीस पाने द्यायची. वाचकांनी पोस्टकार्डावर कौल द्यायचा आणि कौलात मागे पडली की गोष्ट आटोपती घ्यायची. तिथले एक साप्ताहिक १९९५ साली आठवड्याला पासष्ट लाखांवर खपत होते. तेझुका ओसामू या त्यांच्या महर्षीने १९८९ साली साठीत जग सोडले, तोवर दीड लाख पाने काढली होती, असे सांगतात. आमच्याकडे काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा तगादा लागतो. तेवढ्यानेही माझ्यासारख्याच्या तोंडचे पाणी पळते. असो.

बहिणीचा सांगावा होता, “तू शिकवतोस ना? त्याला चार शब्द सांग.” शिकवणाऱ्याजवळ शब्द नसतात, दाखले असतात. मी दादासाहेब फाळक्यांचा दाखला काढला.

जागाही सोयीची मिळाली. जूनमधल्या एका रविवारी भाचा, त्याची बायको, आमची सौभाग्यवती आणि मी, असे चौघे कार्ल्याची लेणी पाहायला निघालो. बेत सौभाग्यवतीचा. नवराबायकोंना एका बाकावर बसवले की निम्मे काम होते, असा तिचा सिद्धांत आहे. कासारवाडीला लोकल धरली. दोघे एका बाकावर बसली खरी, पण मध्ये डब्यांची पिशवी ठेवून. मी मळवलीची वाट पाहत होतो. या मळवलीला राजा रविवर्म्याच्या नावाचा छापखाना होता आणि त्याच्यासाठी शिळाछापाची कामे करण्याकरिता फाळक्यांनी शेजारी लोणावळ्यात आपला छापखाना थाटला होता. घरोघरच्या भिंतींवरच्या लक्ष्मी-सरस्वती या पट्ट्यात छापून निघाल्या. आज त्याच रुळांवरून डब्यात उभे राहून माणसे तळेगावला कामाला जातात.

“तुला वाटतं, तूच पहिला वैतागलास?” मी सुरुवात केली. “फाळके दोनदा सगळं सोडून निघाले.”

पहिल्यांदा १९११ साली. छापखाना दादरला गेला होता, नवा भागीदार आला होता, फाळके जर्मनीला जाऊन यंत्रे पाहून आले होते. पण भागीदाराशी पटेना. उठले आणि निघाले. वय एकेचाळीस. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि वेड लागले. इतके पट पाहिले की डोळे जाण्याची वेळ आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२च्या फेब्रुवारीत विलायतेला गेले, आणि एप्रिलमध्ये कॅमेऱ्याची खरेदी करून परतले. लोकांना खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभर रोज थोडेथोडे चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. मला हा वाटाणा ‘राजा हरिश्चंद्रा’पेक्षाही आवडतो. एकामागून एक ठेवलेली स्थिर चित्रे आणि त्यांतून उगवणारी हालचाल; माझ्या भाच्याचा धंदा तरी याहून वेगळा काय आहे?

मग ३ मे १९१३ला कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. यश, पैसा, नाव सगळे आले. आणि १९१८ साली भांडवलवाले भागीदार घेऊन ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ निघाली. तिच्या ‘कालियामर्दना’त फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. चित्र सुरेख. पण कंपनीत खटके सुरू झाले होते. पैसे घालणाऱ्याला हिशेब हवा, करणाऱ्याला मोकळे रान हवे. दोघांचेही खरे, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. फाळके कंपनी सोडून बायकामुलांसह थेट काशीला गेले.

“काशीला? तिथं काय केलं?” भाच्याने प्रथमच खिडकीबाहेरची नजर आत आणली.

“नाटक लिहिलं. ‘रंगभूमी’. नाटकाच्या धंद्यावरच टीका करणारं.”

“चाललं?”

“नाही चाललं फारसं.”

तो हसला. कित्येक आठवड्यांनी हसला. मला बरे वाटले आणि मी आणखी रंगात आलो. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांनी फाळक्यांना परत या म्हणून पत्र लिहिले. त्यावर सिनेमाच्या दृष्टीने आपण मेलेलो आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी धाडले. अच्युतराव मुरलेले पत्रकार. त्यांनी ते उत्तर छापूनच टाकले आणि वाचकांची पत्रे काशीला जाऊ लागली. फाळके अखेर नाशिकला परतले आणि त्याच कंपनीत पगारावर काम करू लागले. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटात ही काशी येत नाही. चित्रपट ऐन उमेदीत संपतो. मला मात्र परतलेले फाळके मोठे वाटतात. पुढे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकला ते गेले.

भाच्यानेही मग एक दाखला काढला. हिदेओ आझुमा नावाचा जपानी चित्रकार. विनोदी चित्रकथांसाठी नाव कमावलेला. १९८९ साली हातातले काम टाकून हा गृहस्थ घरातून नाहीसा झाला. रानात राहिला, लोकांनी टाकलेले खाल्ले. सापडला, घरी आला आणि १९९२ साली पुन्हा नाहीसा झाला. त्या खेपेला गॅसचे पाइप घालणाऱ्यांत मजुरी करीत होता. गंमत म्हणजे तिथे कंपनीच्या अंकासाठी त्याने एक चित्रकथा काढून पाठवली! पोलिसांनी एकदा पकडून नेले, तर ठाण्यातला एक पोलीस त्याचा वाचक निघाला. पुढे दारू, इस्पितळ. हे सगळे त्याने २००५ साली चित्रकथेतच मांडले, तेही हसत हसत, आणि त्या पुस्तकाला जपानातले मोठे मान मिळाले. २०१९ साली तो वारला. हे सांगताना भाच्याच्या चेहऱ्यावर जी टवटवी आली, ती पाहून मला जरा धास्तीच वाटली. पळून जाण्याच्या गोष्टीत एक नशा असते.

भाचेसून इतका वेळ गप्प होती. ती हिंजवडीत नोकरी करते आणि वाकडच्या घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो. आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. या जपानी चित्रकथा काळ्या-पांढऱ्या असतात. रेघ चित्रकार ओढतो; आतल्या काळ्या जागा भरायला तिकडे पगारी मदतनीस असतात. आमच्या भाच्याच्या दोन वर्षांतल्या बहुतेक काळ्या जागा हिने भरल्या, ऑफिसमधून रात्री साडेआठला घरी आल्यावर.

“त्याची तक्रार घरी कुणी नोंदवली?” तिने विचारले.

“कुणाची?” भाचा म्हणाला.

“त्या आझुमाची. हरवल्याची.”

“बायकोनं.”

तिने मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, फाळक्यांच्या बायको काय करत होत्या?”

मला तो विषय आवडीचा. मी उत्साहाने सांगितले. सरस्वतीबाईंचे दागिने चित्रपटापायी गेले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. फिल्मला कडेने भोके पाडायचे काम त्या शिकल्या होत्या. दिवसभर राबून रात्री त्या ती भोके पाडीत. फिल्म धुवायची रसायने कालवीत. चित्रण चालू असताना उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. तारामतीचे काम करशील का, असे दादासाहेबांनी विचारले तेव्हा, मग बाकीची कामे कोण करील, असे त्या म्हणाल्या म्हणतात.

“हे तुम्ही वर्गात सांगता?”

“दर वर्षी.”

“मुलं टाळ्या वाजवत असतील.”

वाजवतात. मी काही बोललो नाही. गाडी कामशेतला थांबली होती.

“मामा, त्यांना कंटाळा आला तेव्हा त्यांना काशीला जाता आलं,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “यांना तुमच्याकडे येता आलं. मामी दोन वेळचं वाढतात, तुम्ही गोष्टी सांगता. चांगलंच आहे ते. पण चादर धरून कंटाळा आला, तर चादरवालीनं कुठं जायचं?”

सौभाग्यवतीने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मधली जागा मोकळी झाली, पण सरकले कोणीच नाही. भाचा बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत होता. मग म्हणाला, “तू कधी बोलली नाहीस.”

“तू कधी वर बघितलंस?”

मळवली आले. आम्ही उतरलो आणि लेण्यांच्या पायऱ्या चढलो. पाऊस भुरभुरत होता. चैत्यगृहातली लाकडी कमानींची ती उंच ओळ पाहताना मी शिक्षकी सवयीने “दोन हजार वर्षांपूर्वीचं हे लाकूड...” म्हणून तोंड उघडले, तर सौभाग्यवतीने नुसते माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिलो. उतरताना ती दोघे आमच्या पुढे होती. काय बोलत होती ते ऐकू आले नाही. बहुधा भांडत होती. तीन महिन्यांच्या अबोल्यानंतर भांडणदेखील आम्हांला फराळासारखे वाटले.

त्या दिवसानंतर मी वर्गात फाळके शिकवतो ते थोडे अडखळत. ती फिल्मची भोके, ती चादर सांगून झाली की पूर्वी मी टाळ्यांसाठी क्षणभर थांबत असे. आता थांबवत नाही. एका मुलीने यंदा विचारले, “सर, सरस्वतीबाईंचं नाव चित्राच्या पाटीवर होतं का?” मी म्हटले, तूच शोध आणि निबंध लिही. मार्क देईन.

भाच्याने श्रावणात भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सुट्या भागांची रेखाटने काढायची नोकरी धरली आणि गणपतीच्या आधी तो वाकडला परत गेला. शेजारच्या आजोबांना अतिशय आनंद झाला. मला तितका झाला नाही, हे मी बहिणीला सांगितलेले नाही. मिलिमीटरमध्ये काढलेल्या बोल्टाच्या रेघेत तो मावळातला पोरगा कुठून यायचा? पण हप्ता आता अर्धा अर्धा जातो, हेही खरेच.

परवा फराळाचे आमंत्रण द्यायला फोन केला तर भाचेसून म्हणाली, “मामा, रविवार सोडून कधीही. रविवारी मी किल्ल्यांवर जाते, ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर. मागच्या वेळी तुंग केला.”

“आणि तो?”

“घरी असतो. स्वयंपाक करतो. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं.” मागून त्याचा आवाज आला, एकदाच पडलं होतं म्हणून.

काळ्या जागा ती आता भरणार नाही, हे तिने त्याला स्वच्छ सांगितले आहे. काढायचे असेल तर त्याने कमी काढावे, सावकाश काढावे, आणि भरायचे तेही त्यानेच. त्यावर तो काय म्हणाला हे मी विचारले नाही. त्याची पाटी मात्र अजून आमच्या माळ्यावरच आहे. चकल्या करायच्या म्हणून सोऱ्या काढायला सौभाग्यवती स्टुलावर चढली होती, तेव्हा तिने त्या पाटीवरची धूळ पुसून ठेवली. भाऊबीजेला येतो तेव्हा घेऊन जातो, असे तो फोनवर म्हणाला आहे.