पाट्याचा दगड आणि वेरूळची लेणी

मैत्रिणींनो, पाटा झिजून गुळगुळीत झाला की आपण तो टाकवून घेतो. ज्या काळ्या दगडाचा पाटा, त्याच दगडात आपली वेरूळ-अजिंठ्याची लेणी आहेत. मग तीही झिजत असतील का? शाळेत मुली विचारतात, "बाई, दगड तर पक्का असतो ना?" पक्का खरा, पण पाण्यापुढे त्याचंही चालत नाही.

वाळवंटात वालुकाश्माला घासतो तो वारा. वाळूचे कण जड, फार उंच उडत नाहीत. म्हणून खडक बुंध्याशी जास्त झिजतो आणि भूछत्रासारखा दिसू लागतो. आपल्या मराठवाड्यात हे काम मुख्यतः पाणी करतं.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा वर आला आणि थरावर थर साचले. वायू अडकला तिथे अनारशासारखी जाळी पडली. थंड होताना दगड आकसला, त्याला चिरा गेल्या. या चिरांत पावसाचं पाणी शिरतं. जाळीचा थर आधी भुसभुशीत होतो, मग वरचा घट्ट थर आधार सुटून ढासळतो.

अजिंठ्याला वाघूर नदीनं असाच डोंगर कापत घोड्याच्या नालेसारखा, पाऊणशे मीटर उंच कडा घडवला. त्या कड्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून भिक्षूंनी लेणी खोदली. गंमत अशी, की ज्या पाण्यानं कडा दिला, तेच आता भिंतींत झिरपून चित्रांखालचा मातीचा गिलावा सोडवतं. त्यात आपल्या श्वासांची दमट हवा! पाटा पुन्हा टाकवता येतो. गिलाव्याबरोबर गळून पडलेलं चित्र मात्र परत येत नाही.

म्हणून जाल तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा: भिंतीला टेकायचं नाही, हात फिरवायचा नाही. आपलाही पदर सावरून धरावा. लेण्यांत गर्दी करून रेंगाळू नये.

वेरूळ छत्रपती संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभरेक. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठ्याला गाडी फर्दापूरजवळच्या फाट्यावर ठेवून पुढचे चारेक किलोमीटर बसनं जावं लागतं. श्रावणात निघालात तर वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्याशेजारचा धबधबा जरूर पाहा. दगड कोण घडवतं, हे मुलांना तिथे उभं राहून दाखवता येईल.