फळ्यांखालची तुळई

गिरगावातल्या आमच्या चाळीला स्लॅब नाही. भिंतीत खोचलेल्या सागवानी तुळया आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या, एवढीच आमची जमीन. तीच खालच्या बिऱ्हाडाचं छत. वर्षांनुवर्षं वापरून फळ्या खालीवर झाल्या होत्या. बाबा अलीकडे त्यांवर चालताना अडखळू लागले, म्हणून मी खोलीत लॅमिनेट घालायचं ठरवलं.

पहिल्या कंत्राटदाराने खळगे सिमेंटने भरून देतो म्हटलं. दहा बाय बाराची खोली, सरासरी एक इंच थर. हिशेब केला तर साडेपाचशे किलोंवर वजन जात होतं, आणि ते त्या जुन्या तुळयांनी कायम पेलायचं! शिवाय पायाखाली लाकूड लवतं, सिमेंट लवत नाही. त्याला तडे जायचेच. मी त्याला नाही म्हटलं आणि सुतारकाकांना बोलावलं.

काका आमच्या खोलीत आलेच नाहीत. आधी खालच्या वहिनींचं दार वाजवून त्यांच्या छताकडे बघत राहिले. मोरीलगतच्या तुळईच्या टोकाला त्यांनी पेचकस टोचला, तो बोटभर आत गेला. मोरीच्या भिंतीतली ओल वर्षानुवर्षं तिथेच मुरत होती.

"ताई, वरून कितीही भरलंत तरी ही तुळई बसतच राहणार."

आधी मोरीची गळती काढली. मग इंजिनीअरला दाखवून वहिनींच्या खोलीत टेकू लावले आणि त्या तुळईच्या दोन्ही अंगांना नवं सागवान बोल्टने आवळून घेतलं. वहिनींनी ओट्यावरचे डबेसुद्धा हलवले, पण एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

वरचं काम दिवाळीनंतर धरलं. पावसाळ्यात दमट हवेने फळ्या रुंदीत फुगतात, कडा वर येतात. त्या तेव्हाच रंधून टाकल्या, तर सुकल्यावर तिथेच खोलगट व्हायच्या. जुने उचकलेले खिळे काढून काकांनी फळ्या स्क्रूने तुळयांना घट्ट बसवल्या. निम्मी करकर तिथेच थांबली. मग लांब ॲल्युमिनियमची पट्टी फिरवत उंचवटे रंध्याने उतरवले, खळग्यांत प्लायच्या पातळ पाचरी सारल्या. दोन मीटरमागे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक लॅमिनेटला सोसत नाही; खाली पोकळी राहिली की पाय पडताच सांधे लवतात आणि शेवटी तुटतात.

खोली गॅलरीकडे किंचित उतरती आहे. तो उतार आम्ही तसाच ठेवला. लॅमिनेटला सपाटी हवी, उतार चालतो. आणि तो काढायचा म्हणजे पुन्हा वजन चढवणं आलं. वर बारा मिलिमीटरचा प्लाय, त्याचे सांधे फळ्यांच्या सांध्यांवर येऊ न देता बसवला. लॅमिनेट घालताना भिंतीलगत चारी बाजूंनी एक सेंटिमीटर फट सोडली, कारण पावसाळ्यात त्याला फुगायला जागा लागणार. ती फट भिंतीच्या कडेच्या पट्टीखाली झाकली आहे. मोरीची भिंत मात्र दर मृगाआधी वहिनी खालून आणि मी वरून तपासायची, असं आम्ही ठरवलं आहे.