किर्यत श्मोना : डोंगरामागची सीमा

उत्तर इस्रायलमधले रोश पिना मागे पडले की ९० क्रमांकाच्या महामार्गाच्या उजवीकडे हुला खोऱ्याची सपाट शेती पसरते आणि डावीकडे नफ्ताली डोंगररांग उभी राहते. खोऱ्यातली दलदल १९५० च्या दशकात उपसली गेली. जमीन बिघडू लागल्यावर १९९४ मध्ये काही भागात पुन्हा पाणी सोडावे लागले. आता हिवाळ्यात तिथे क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात. इस्रायल आणि लेबनॉन यांची सीमा मात्र डोंगराच्या माथ्यालगत आहे, रस्त्यापासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर.

रोश पिनापासून सुमारे तीस किलोमीटरवर किर्यत श्मोना हे शहर लागते. १९४९ मध्ये येमेनहून आलेल्या ज्यूंची छावणी म्हणून ते वसले. जागा मात्र मोकळी नव्हती. अल-खालिसा हे अरब गाव मे १९४८ मध्ये ओस पडले होते आणि त्याच्या रहिवाशांपैकी अनेक जण लेबनॉनमध्ये निर्वासित झाले. त्या गावाची मशीद तेवढी राहिली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पॅलेस्टिनी संघटना सीमेपलीकडून कात्युशा अग्निबाण सोडू लागल्या. एप्रिल १९७४ मध्ये बंदूकधाऱ्यांनी शहरातल्या रहिवासी इमारतींत शिरून १८ जणांना ठार केले. १९८२ मध्ये इस्रायली फौजा लेबनॉनमध्ये घुसल्या. त्याच काळात हिजबुल्ला ही लेबनीज सशस्त्र संघटना उभी राहिली आणि अग्निबाण तिच्या हाती गेले. २००६ च्या ३४ दिवसांच्या युद्धात उत्तर इस्रायलवर सुमारे चार हजार अग्निबाण पडले. लेबनॉनमध्ये अकराशेहून अधिक माणसे मेली, इस्रायलमध्ये सुमारे १६०.

शहरात फिरताना या इतिहासाच्या खुणा शोधाव्या लागत नाहीत. बसथांब्याशेजारी काँक्रीटची खोली, शाळेजवळ काँक्रीटची खोली. १९९२ नंतरच्या इमारतींत प्रत्येक घराला पोलादी दाराची संरक्षित खोली कायद्याने बंधनकारक आहे. जुन्या चाळवजा इमारतींतल्या लोकांना मात्र जिना उतरून तळघर गाठावे लागते. तेल अवीवला भोंग्यानंतर दीड मिनिट मिळते, इथे काहीच नाही; कधी स्फोट आधी होतो आणि भोंगा मागून वाजतो. आयर्न डोम ही इस्रायली संरक्षण यंत्रणा वर फेकलेला अग्निबाण हवेत गाठते. डोंगरावरून सरळ रेषेत येणारे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र तिच्या आवाक्यात येत नाही, आणि सीमावर्ती गावांना खरी धास्ती त्याचीच.

शहराच्या उत्तरेला तेल हाय ही जुनी ज्यू वसाहत आहे. १ मार्च १९२० रोजी इथल्या चकमकीत वसाहतीच्या बचावाचा म्होरक्या योसेफ ट्रम्पेलडोर आणि त्याचे साथीदार मारले गेले. तेथील आठ मृतांच्या नावाने पुढे शहर ओळखले जाऊ लागले. त्यांच्या स्मृतीचा गर्जणारा दगडी सिंह १९३४ चा. चकमकीच्या वेळी ब्रिटिश आणि फ्रेंच ताब्यातल्या प्रदेशांमधली हद्द पक्कीच नव्हती. ती ठरली १९२३ मध्ये. त्या रेषेची किंमत दोन्हीकडचे गावकरी आजवर चुकवत आले आहेत.

रस्ता मेतुला गावात संपतो. १८९६ मध्ये वसलेल्या या गावाला तीन बाजूंनी लेबनॉन आहे. १९७६ ते २००० या काळात इथल्या फाटकातून लेबनीज मजूर रोज कामाला येत. समोरचे कफर किला हे लेबनीज गाव २०२४ च्या लढाईत जवळजवळ उद्ध्वस्त झाले.

८ ऑक्टोबर २०२३ ला हिजबुल्लाने मारा सुरू केला आणि २० ऑक्टोबरला किर्यत श्मोना रिकामे करण्याचा आदेश निघाला. युद्धविराम २७ नोव्हेंबर २०२४ रोजी लागू झाला. तोवर उत्तर इस्रायलमधले सुमारे साठ हजार लोक वर्षभराहून अधिक काळ घराबाहेर होते, तर लेबनॉनमध्ये विस्थापितांची संख्या दहा लाखांवर गेली होती.