खोपोलीची अर्धी बाही

वैशाखांत घाट उतरून कोंकणांत जाणारा मनुष्य शहाणा समजला जात नाहीं; पण मुंजीचे मुहूर्त कांहीं उन्हाळ्यास विचारून निघत नाहींत. खोपोलीस दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाची मुंज ठरली आणि गेल्या वैशाखांत पुण्याहून मला तिकडे जावें लागलें. निघतांना आमच्या मंडळींनीं अर्ध्या बाहीचे दोन सदरे बरोबर घेण्याविषयीं सुचविलें होतें. पण छत्तीस वर्षें मनगटाचें बटण लावून फळ्यासमोर उभा राहिलेला मास्तर तें कशाला ऐकतो! पेटींत लांब बाह्यांचे तीन सदरे व वर एक कोट, असा मी निघालों.

खंडाळ्यापर्यंत खिडकींतून येणारा वारा सुखकर होता. पुढें पंधरा-सोळा मैलांच्या उतारांत गाडी सुमारें १८०० फूट खालीं येते, आणि प्रत्येक बोगद्याबरोबर वारा अधिकाधिक ऊन होत जातो. पुण्याहून खोपोलीस जाणाऱ्यास पळसदरी दोनदां दिसते, एकदां कर्जतकडे जातांना आणि पुन्हां कर्जतेस गाडी बदलून परत येतांना. पुढें केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. ह्या आडवाटेस कारण आहे. १८५६ सालीं मुंबईची आगगाडी खोपोलीपर्यंतच आली. १८५८ त खंडाळा ते पुणें मार्ग सुरू झाला. परंतु मधला घाट १८६३ त पुरा होईपर्यंत उतारूंना येथें उतरून पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं वर चढावें लागे. पुढें मुख्य मार्ग कर्जतेहून वर गेला आणि खोपोली फांट्यावर राहिली. त्या दिवसांत वरून येणाऱ्या कितीजणांनीं येथें पोंचतांच अंगरख्याचे बंद सोडले असतील, ह्याचा विचार मी कोटाचीं बटणें काढीत करीत होतों.

गांव सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं आहे. पूर्वेस डोंगराची भिंत, हवेंत समुद्राकडील दमटपणा. घाम येतो तो वाळत म्हणून नाहीं. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांतून ह्या कड्याखालीं आणून टाटांनीं १९१५ सालीं येथें वीजगृह चालू केलें. ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांस गेली, आणि राबलेलें पाणी पाताळगंगेस मिळालें. म्हणजे दोन-तीन पिढ्यांच्या सदऱ्यांच्या कापडास खोपोलीचें बळ लागलें आहे. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. वीजगृह मात्र चालू आहे.

मुंजीच्या मांडवांत एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. भटजी उघडे, मुलाचा बाप उघडा, बटु तर लंगोटींत. जितका मनुष्य शास्त्रोक्त, तितका तो थंड! मी मात्र सभ्यतेनें भिजून चिंब झालों होतों. माझा भाचा हळूच म्हणाला, "मामा, हा सदरा बदला, नाहीं तर भिक्षावळीच्या आधीं तुम्हांलाच पाणी मारावें लागेल." दुसऱ्या दिवशीं तो मला बाजारांतल्या एका वृद्ध शिंप्याकडे घेऊन गेला.

ह्या शिंप्याचें ज्ञान मला फार आवडलें. तो म्हणाला, बाही कोपराच्या दोन बोटें वर थांबावी. त्याहून आंखूड केली तर पोरकट दिसते, आणि कोपरावर आली तर हात वांकवितांना टोंचते. मुंढा सैल हवा, कारण वारा तेथूनच आंत शिरतो. सदरा बाहेर सोडावयाचा असेल तर खालची कड सरळ ठेवून दोन्ही बाजूंस बोटभर चिरा द्याव्या. आंत खोंचावयाचा असेल तर कड गोलच हवी. गोल कडेचा सदरा बाहेर सोडला म्हणजे मनुष्य घाईंत उठून आल्यासारखा दिसतो. कापड सुती व विरळ विणीचें असावें, पण खिशांतील कागद दिसेल इतकें पातळ नको. राखी रंगावर घामाचे डाग सर्वांत अधिक उमटतात. पांढरा किंवा बारीक ठिपक्यांचा बरा. वरचें एक बटण मोकळें सोडावें, दोन नव्हे. खालीं पायजमा असो, पाटलोण असो वा धोतर, तें फिक्या रंगाचें असावें. अशा सदऱ्यावर कोट घालूं नये, हें त्यानें माझ्या हातांतील कोटाकडे पाहून सांगितलें.

अर्धी बाही म्हणजे परक्यांचें अनुकरण, असें मी वर्गांत पुष्कळदां बोललों आहें. तें चूक होतें. संस्कृतांत कोपरास कूर्पर म्हणतात; अमरकोशांत चोलाच्या जोडीस कूर्पासक आहे; आणि शेतावर राबणाऱ्या आपल्या लोकांची कोपरी ही त्याच घराण्यांतली. साहेबांचा बुशशर्ट, म्हणजे झाडींत घालावयाचा सदरा, मागाहून आला. आपल्याकडे त्याच जातीच्या सदऱ्यास मनिला म्हणूं लागले. नांव फिलिपिन्सच्या राजधानीचें, आणि तिकडे तर समारंभाचा सदराही बाहेरच सोडतात. शब्द माझ्या घरांतलाच होता आणि मी त्यास उंबऱ्याबाहेर उभें केलें होतें.

शिंप्यानें माझा सदरा उजेडांत धरला आणि म्हणाला, "गुरुजी, हा कोपरावर विरला आहे. बाह्या कापून टाकूं, सदरा आणखी चार वर्षें चालेल." तें ऐकून मी गप्प झालों. फार वर्षांपूर्वीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत सुभाषितें म्हणणाऱ्या मुलांनीं लांब बाह्यांचा पांढरा सदरा घालावा, असा मींच दंडक केला होता. त्यांतील एक मुलगा अर्ध्या बाहीचा सदरा घालून आला. शिवण हातची व थोडी वांकडी. त्याचे उच्चार सर्वांत शुद्ध होते. तरी मीं त्याला रांगेंतून काढलें. दुसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. तिनें तक्रार केली नाहीं. सदरा त्याच्या वडिलांचा होता, कोपरें फाटलीं म्हणून बाह्या कापल्या, एवढेंच तिनें सांगितलें. मीं काय उत्तर दिलें तें आज आठवत नाहीं. कांहीं दिलें नसावें.

संध्याकाळीं दोन्ही सदरे तयार झाले. त्यांतील एक घालून मी नाना फडणविसांनीं बांधविलेल्या तळ्यापर्यंत फिरून आलों. पाण्यावरून मंद वारा येत होता, आणि इतक्या वर्षांनीं तो कोपराच्या वर लागला. भाच्यानें एकदां वळून पाहिलें, पण तो कांहीं बोलला नाहीं. कापलेल्या चार बाह्या शिंप्यानें वर्तमानपत्रांत गुंडाळून दिल्या होत्या. मंडळी त्यांच्या भांडीं पुसण्याच्या चिरगुट्या करावयास निघाल्या होत्या. मीं त्या मागून घेतल्या आणि माझ्या पेटींत ठेविल्या आहेत.